मगरीने वाढलेले जेवण

३ ऑगस्ट
क्षमा असावी. योरुबा विषयात शाळेत पहिली आले, म्हणून स्वतःविषयी लिहिण्याचा अधिकार मिळतो असे नाही. परंतु हे बोलणार कोणाशी? लागोसच्या एका प्रदर्शनाने स्वप्नांवरची तीन कापडे मागवली आहेत. छायाचित्रे चौदा तारखेच्या संध्याकाळपर्यंत पाठवायची. अट एकच — स्वप्न स्वतःचे हवे. आजवर मी रंगवलेले प्रत्येक कापड इटोकूच्या बाजारात ‘मोरेनिकेच्या आईचे’, म्हणजे माझ्या आईचे, म्हणून विकले गेले. एकदा तरी माझे नाव भिंतीवर लागावे!

५ ऑगस्ट
दोन झाली! कसाव्याच्या खळीत कोंबडीचे पीस बुडवून चित्र काढायचे, मग कापडाची निळीत बुडी. पहिल्यात एक मगर मला अमाला, याम कंदाच्या पिठाचा गोळा, वाढते आहे, शेपटीत पळी धरून. दुसऱ्यात परीक्षेच्या वर्गात उत्तरपत्रिकेवर मोईन-मोईन, वाटलेल्या चवळीची वाफवलेली वडी, आणि मी ते खाते आहे.

६ ऑगस्ट
आईने दोरीवरची कापडे पाहिली.
“स्वप्नात खाल्लंस? गिळलंस?”
“हो, पण—”
“गिळलंस!”
स्वप्नात वाढणारा हात वैऱ्याचा, हे आमच्याकडे तान्ह्या बाळालाही ठाऊक. शेजारची सिकिरूची आई अकाराची भजी तळायचे सोडून धावत आली.
“वाढलं कोणी? तोंड बघितलंस का गं?”
“मगर होती.”
“सासरकडची असणार.”
“माझे लग्न झालेले नाही.”
“म्हणून तर आधीच आली मेली!”

७ ऑगस्ट
पाद्री आले. माझ्या मस्तकावर हात ठेवून इतका वेळ प्रार्थना केली की मान अवघडली. जाताना कापडाजवळ थबकले. हळूच विचारले, “त्यात मांस होतं का?”
आईचा हुकूम — तिसरे खाण्याचे कापड रंगवलेस तर नीळ गटारात. आणि उपाय — मुलगी उपाशी झोपते म्हणून परके वाढतात. तिला रात्री दडपून जेवू घालावे.

१० ऑगस्ट
कांडलेल्या यामचा डोक्याएवढा गोळा. रोज. आई समोर बसून घास मोजते. मी धोंड्यासारखी झोपते. स्वप्न नाही — एकही नाही!
आज खोटे स्वप्न रचून पाहिले. पंखांचा घोडा काढला. वाळत घातलेल्या बकरीसारखा दिसला. शिवाय परीक्षकांना न कळले तरी मला कळलेच असते. खळ धुऊन टाकली.

१२ ऑगस्ट
अखेर स्वप्न पडले. त्यात मी झोपले होते.

१३ ऑगस्ट
उद्या शेवटचा दिवस. आज एक रात्र उपाशी झोपू दे, असे आईला विनवले.
“मी जिवंत असताना?” म्हणाली, आणि आणखी एक गोळा वाढला.
दोनच कापडे. संपले सारे.

१४ ऑगस्ट, पहाट
आईने मला हलवून उठवले. आधी दाराला कडी घातली.
“पाद्रींना सांगायचं नाही. सिकिरूच्या आईला तर मुळीच नाही.”
“काय झाले?”
“मी जेवले.”
“कुठे?”
“माझ्या आईच्या अंगणात. तिनंच वाढलं. मी दोनदा मागून घेतलं.”
वैऱ्याचा हात, असे म्हणण्याचे धैर्य मला झाले नाही. तीच म्हणाली, “भाजीत मीठ कमी होतं गं. ती कायम कमीच घालायची. दुसरं कोणी असतं, तर नीट घातलं असतं.”
मग नेसलेल्या कापडाच्या टोकाने डोळे पुसून खळीचे भांडे माझ्यापुढे सरकवले. “काढ. अंगण असं नको, पेरूचं झाड डावीकडे. आण ते पीस इकडे, तुला नाही जमायचं!”

१४ ऑगस्ट
छायाचित्रांखाली लिहिले — ‘पहिली दोन स्वप्ने माझी, मोरेनिकेची. तिसरे माझे नाही. ते अबेके यांचे.’ अट मोडली आहे, हे जाणते. आईने स्वतःचे नाव बोट ठेवून दोनदा वाचले. पाठवले — आज, चौदा ऑगस्ट, दुपारी चार वाजून बावन्न मिनिटे.