रविवारच्या टेपविषयी, शुद्धीवर असताना

मी, खाली सही करणारा, वय अडुसष्ट, धंदा बडबड, या शहरातल्या एकुलत्या एका गाण्यांच्या रेडिओ स्टेशनचा मालक आणि गेली एकतीस वर्षे सकाळचा निवेदक, पूर्ण शुद्धीवर राहून, कोणी हात धरून न लिहवता, माझ्यामागे काय कोणाकडे जावे ते या कागदावर मांडत आहे. परवा, गुरुवारी, माझ्या छातीचे ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणाले, काळजीचे कारण नाही. पण हे सांगताना ते खिडकीबाहेर बघत होते. मी हे स्टुडिओत बसून, गाणे वाजते तेवढ्या वेळात लिहितो आहे. वाक्य मध्येच तुटले तर वकीलसाहेबांनी त्याचे खापर माझ्या मेंदूवर फोडू नये. हल्लीची गाणी साडेतीन मिनिटांत आटोपतात.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. एकोणीस वर्षांपूर्वी मी खोटे बोलून एका बाईची नोकरी घालवली आणि अब्रूही. ते निस्तरल्याशिवाय मला त्या टेबलावर आडवे व्हायचे नाही. ते कलम पाचमध्ये येईल. तिथे जायला पाय उचलत नाही, म्हणून बाकीचे आधी उरकतो.

कलम १. राहते घर, दोन खोल्या आणि गॅलरी, माझ्या मुलीला. गॅलरीचे दार फुगले आहे, खांद्याने ढकलावे लागते. तिच्या आईने ते दुरुस्त करा म्हणून शेवटपर्यंत सांगितले आणि मी शेवटपर्यंत "उद्या बघू" म्हणालो. मुलीने सुतार बोलवावा.

कलम २. माझा मेहुणा. स्टेशन सुरू झाले ते त्याच्या पंख्यांच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत. भिंतींना अंड्यांचे ट्रे चिकटवले, दाराला गादी ठोकली, पाण्याच्या टाकीवर खांब उभा केला. खाली दीडशे पंखे विकायला मांडलेले आणि वर आम्ही घामाने निथळतोय, कारण पंखा लावला की माईकमध्ये घरघर! पहिले वर्षभर जाहिरात एकच, तीही पंख्यांची. मी कपाळ पुसत सांगायचो, "थंडगार राहा!" मग चष्मेवाला आला, फर्निचरवाला आला, आणि बघता बघता बाजारपेठ आमचे पहिले गाणे लागल्यावर शटर वर करू लागली. मेहुणा अजून चारचौघांत सांगतो, "स्टेशन माझ्या डोक्यातून निघालं." त्याच्या डोक्यावरून निघाले ते फक्त केस. तरी पहिला माईक आणि त्याचा स्टँड त्याला द्यावा. दर्शनी भागात ठेवून त्याने काय सांगायचे ते सांगावे, मी ऐकायला नसेन.

(वेळ सांगून आलो. नऊ वाजून बारा मिनिटे. पाणी प्यालो, परत बसलो, पेन सापडेना, खिशातच होते.)

कलम ३. रेकॉर्ड आणि कॅसेटी शहराच्या वाचनालयाला. फर्माईशीची पत्रे, अकरा पोती, जाळू नयेत. एका बाईने सहा वर्षे दर आठवड्याला एकच गाणे मागितले, आणि दर वर्षी वेगळ्या माणसासाठी. हे शहर माझ्याइतके कोणाला कळले नसेल.

कलम ४. मोठ्या शहरातल्या कंपनीला स्टेशन हवे आहे. त्यांचे मशीन गाणी लावणार, त्यांचा निवेदक तिकडून सगळ्या गावांना एकदमच सुप्रभात म्हणणार. मुलगी म्हणते, "बाबा, मशीनला रजा नको, ताप येत नाही." मी तिच्या अंगावर ओरडलो, "स्टुडिओत माणूस पाहिजे म्हणजे पाहिजे!" ती बिचारी गोरीमोरी झाली. "एवढं काय झालं चिडायला?" म्हणाली. तिला काय सांगू? माझीच दुखरी जागा होती.

कलम ५. इथे लिहायला बसलो आणि तीनदा उठलो.

फ्यूजताई आमची पहिली तंत्रज्ञ. बाविसाव्या वर्षी आली ती पर्समध्ये स्वतःचा स्क्रूड्रायव्हर घेऊन. तेव्हा आमचा फ्यूज दिवसाआड उडायचा आणि ती अंधारातही नुसत्या बोटांनी तो बसवायची. परवान्याचा नियम असा, की हवेवर काहीही चालू असो, स्टुडिओत एक जण हजर पाहिजे. पण रोज पहाटे उठून माझा जीव विटला होता. म्हणून शनिवारी दुपारीच मी रविवारचे दोन तास टेपवर बोलून ठेवायचो. "सुप्रभात मंडळी, काय छान ऊन पडलंय!" ऊन असो वा नसो. रविवारी ताई येऊन टेपजवळ बसायची.

त्या शनिवारी तिची आई दवाखान्यात होती. मीच म्हणालो, "जा तू. घड्याळाचा स्विच लावून जा, सकाळी आपोआप सुरू होईल. टेप काय पळून जाणार आहे का?" ती घुटमळली. "साहेब, मध्येच काही झालं तर?" मी नोंदवहीत लिहून सहीही केली, 'रविवारी टेप, तंत्रज्ञास मी सुटी दिली.'

रविवारी सकाळी धरणाचे दरवाजे उघडले. धरणाच्या कारकुनाने स्टेशनला तीनदा फोन केला, की लोकांना नदीकडे जाऊ नका म्हणून सांगा. रिकाम्या खोलीत फोन वाजत राहिला. आणि हवेवर मी म्हणत होतो, "आज रविवार, नदीकाठी फेरफटका मारून या!" तेव्हा मी अंथरुणात लोळत माझाच आवाज ऐकत होतो, आणि देवाशपथ सांगतो, मला तो आवडत होता. बाजारातला शिंपी कानाला रेडिओ लावून नदीवर गेला. त्याला ओढून काढले, पण दगडांत सापडलेला पाय गुडघ्यापासून कापावा लागला. शिवणयंत्र पायाने चालवतात, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा जाणवले.

चौकशीला परवाना खात्याचे साहेब आले. त्यांनी विचारले, स्टुडिओ रिकामा कोणी सोडला? परवाना जाणार होता. मी म्हणालो, "तंत्रज्ञ न विचारता गेली." ताई शेजारच्याच खुर्चीवर होती. ती एवढेच म्हणाली, "नोंदवही बघा." त्यांनी बघितली. ते पान मी चौकशीच्या आदल्या संध्याकाळी फाडले होते. तिचे प्रमाणपत्र रद्द झाले. तेव्हापासून ती बसस्थानकामागच्या गल्लीत मिक्सर आणि इस्त्र्या दुरुस्त करते. शिंप्याला मी मोटरवर चालणारे यंत्र नेऊन दिले. तो मला देवमाणूस समजतो आणि दर वर्षी एक शर्ट शिवून पाठवतो. एकही अंगात घालवत नाही.

कलम ६. अर्धे स्टेशन फ्यूजताईला, अर्धे मुलीला. ताईने घेतले नाही तर सगळे मुलीला. अट एकच. हवेवर असताना स्टुडिओत माणूस हवा. फाडलेले पान माझ्या कपाटात आहे, ते ताईचे.

कलम ७. मी गेल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, कपाटातली टेप हवेवर लावावी. तिच्यात मी वरचे सगळे कबूल केले आहे. तीनदा रेकॉर्ड केली. दुसऱ्या वेळची चांगली झाली, आवाज योग्य ठिकाणी कापतो.

बुधवार. कलम ७ रद्द. कारण लिहितो.

वकीलसाहेब म्हणाले, बाईंना आधी विचारा. म्हणून काल दुपारी गल्लीत गेलो. तिने मान वर न करता विचारले, "मिक्सर आणलाय?" मी उभ्या उभ्याच सगळे सांगितले, टेपचेही. तिच्या हातातली तारा जोडायची सोल्डरिंगची सळई तशीच धूर सोडत राहिली.

"म्हणजे तुम्ही गेल्यावर लावायची."

"हो."

"परत टेपच. आणि परत तुम्ही तिथं नसणार."

"अगं, ऐक तरी. अर्धं स्टेशन तुझ्या—"

"काय करू त्याचं? आई गेली ती लेकीला हाकलून दिलं हे ऐकून गेली. तिला नेऊन दाखवू का अर्धं स्टेशन?" मग माझ्या मागे बघून म्हणाली, "सरका जरा, गिऱ्हाईक आहे."

रात्रभर या कुशीवरून त्या कुशीवर. आज सव्वाआठला, गाणे संपल्यावर, मी माईक उघडला आणि सांगितले. लिहून आणलेले काही हातात नव्हते, फक्त ते फाडलेले पान होते. ते वाचले, तारखेसकट. आमच्या धंद्यात तीन सेकंद शांतता म्हणजे गुन्हा. आज अकरा सेकंद झाली. मुलगी पलीकडच्या खोलीतून आली. माझ्याकडे बघितलेही नाही. वाकली, वेळ सांगितली, गाणे लावले आणि माझ्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली.

फोन वाजतोच आहे. मेहुणा धापा टाकत जिना चढून आला. "अरे, परवाना जाईल ना!" जाईलही. शिंप्याचा फोन आलेला नाही. मी प्रत्येक वेळी धावत जातो आणि दुसराच कोणी निघतो.

दुपारी सह्यांना बसलो. मेहुण्याला साक्षीदार व्हायचे होते. वकीलसाहेब म्हणाले, "मृत्युपत्रातून ज्याला काही मिळतं त्यानं साक्षीदार म्हणून सही केली, तर त्याला मिळणारं रद्द होतं." मेहुण्याने माईककडे बघून खुर्ची मागे घेतली. तेवढ्यात दारात फ्यूजताई. एकोणीस वर्षांनी पहिल्यांदा हा जिना चढली. वकीलसाहेबांचे बोलणे तिने दारातून ऐकले होते. मी उठून ते पान तिच्या हातात दिले. तिने वाचले, चार घड्या घालून पर्समध्ये ठेवले आणि विचारले, "पेन कुठंय?"

मी म्हणालो, "ताई, सही केलीस तर तुझं अर्धं स्टेशन जाईल."

"माहीत आहे," म्हणाली.

येणेप्रमाणे सर्व मी स्वतः लिहिले, वाचले, आणि ज्याची लाज वाटते तेही ठेवले.

स्थळ: स्टुडिओ, पंख्यांच्या दुकानावर
दिवस: बुधवार, ऑपरेशनच्या आदला, दुपारी दोन वाजून वीस मिनिटे

सही: सकाळचा निवेदक

साक्षीदार पहिला: चष्मेवाला (सही)

साक्षीदार दुसरी: तंत्रज्ञ (सही)
शेरा: लिहिणाऱ्याने माझ्यासमोर सही केली. मला यातले काही नको. सव्वाआठला दुकानात रेडिओ चालू होता. मी आवाज मोठा केला. सगळ्या गल्लीने ऐकले.