शटरपुढचा फोटो

३ तारीख, सोमवार
पोचलो बुवा एकदाचा! खोली चौथ्या मजल्यावर, खिडकीतून समोरच्या इमारतीची खिडकी दिसते. खोलीत आधीपासून एक लंबू राहतो, झोपला की पाय पलंगाबाहेर. ताईला फोन केला, मागून तिची लेक चिमणी मामा मामा ओरडत होती. ताई म्हणाली, बारक्या, इथे तरी बूड टेकव.

काम झकास आहे. ज्याला ऑनलाइन माल विकायचाय त्याच्या दुकानी जायचं, दुकान खरंच आहे का बघायचं, मालकाला शटरपुढे उभा करून फोटो पाठवायचा. की ऑनलाइन त्याच्या नावापुढे तो फोटो आणि हिरवी खूण. ती बघून लोक डोळे झाकून माल घेतात. सातवीत शाळा सोडलेल्याच्या बोटात एवढी ताकद!

९ तारीख
दिवसभर भटकायचं, वर पगार. आणखी काय पाहिजे? आज एका साबणवालीने विचारलं, आमची तपासणी तुम्ही करता, तुमची कोण करतं? म्हटलं, आई होती तोवर आई, आता ताई. खूप हसली.

१४ तारीख
शेवटचं दुकान पार चढावर, पायपुसण्यांचं. शटर बंद. मालकाला फोन लावला तर म्हणाला, मी काही येत नाही, तुम्हीच उभे राहा की. मला हसूच आलं. पण एवढं चढून परत कोण येणार? फोन कठड्याला टेकवला, टायमर लावला आणि उभा राहिलो. छान हसलोसुद्धा. ऑफिसात माझं तोंड कुणी पाहिलंय? नोकरी फोनवरच लागली.

१८ तारीख
ऑफिसातल्या मॅडमनी फोनवर कौतुक केलं. पायपुसणीवाला धडाक्यात विकतोय, तुझी निवड चोख. जेवण अर्धवट टाकून उठलो. लंबू म्हणाला, कौतुकाने आजारी पडणारा तू पहिलाच.

२२ तारीख
तक्रार आलीय. मॅडम म्हणाल्या, एका म्हाताऱ्या गिऱ्हाइकाकडे दुकानदार स्वतः माल घेऊन गेला. खूण होती म्हणून म्हाताऱ्याने आत घेतलं. नंतर दार फोडावं लागलं. कडी आतून. पायपुसणं दाराच्या आतल्या बाजूला. म्हातारा नाही. जाऊन बघून ये म्हणाल्या.

गेलो. त्यांच्या सुनेने दार उघडलं, मला बघितलं आणि किंचाळली. आता कुणाला न्यायला आलास, म्हणाली.

पळालो.

२३ तारीख
चढावर गेलो. शटर हाताने उचललं. मागे दुकान नाही. भिंत. सरळ विटांची भिंत.
त्याचा नंबर लावला. पलीकडून हॅलो आलं. माझ्या आवाजात.

मॅडमना सांगायला हवं. पण नोकरी जाईल, ताई म्हणेल, ही पण घालवलीस. उद्या सांगतो.

२४ तारीख
नाही सांगितलं.

२५ तारीख
ताईचा फोन. खूश होती. लबाडा, दुकान काढलंस आणि बोलला नाहीस? फोटो बघितला, लगेच एक पायपुसणं मागवलं. म्हणाली, दुसऱ्या कुणाकडून घेतलं नसतं.

मॅडमना सगळं सांगितलं. रडलो. खूण काढली त्यांनी. पण निघालेला माल म्हणाल्या, निघाला. काल बोलला असतास तर.

काल.

२६ तारीख
बसमध्ये. ताईकडे पोचायला अजून निम्मी वाट. ताई फोन उचलत नव्हती —

उचलला. म्हणते, तू तर आलास की, चिमणीला मांडीवर घेऊन बसलायस. म्हटलं, तो मी नाही. म्हणाली, त्याने आल्याआल्या बजावलंय, माझ्या आवाजात एक भामटा फोन करेल.

म्हटलं, काहीही विचार ताई. आई गेली त्या दिवशी बारक्या कुठे लपला होता, तिने विचारलं. म्हटलं, कपाटात, तुझ्या ओढणीखाली. मग हळू म्हणाली, त्यानेही हेच —

फोन ठेवलेला नाही. एका हाताने कानाला, एका हाताने लिहितोय. हात थांबला तर वेड लागेल —
चिमणी विचारतेय, मामा दार का लावतोस?
बाहेर पळ म्हणून ओरडतोय. बस सगळी बघतेय. ताई म्हणते, कोण आहेस रे तू, माझ्या भावाला —
कडीचा आवाज. ताई? ताई, चिमणीला घे आणि