सहा पिल्लांची तयारी

१ मार्च, शनिवार
ही माहेरी जाऊन आज दोन महिने झाले. हवापालटासाठी गेली आहे. लेकही बरोबर, तिथून शाळा जवळ पडते म्हणून. जाताना हिनं फ्रिजवर चार तक्रारींची चिठ्ठी लावली होती. पहिली तक्रार, स्वयंपाकघरातला नळ वर्षभर गळतोय. मी दुसऱ्याच दिवशी उत्तर पाठवलं, ‘आपल्या चारही मुद्द्यांची नोंद घेतली आहे.’ त्यावर तिचं काही आलं नाही. वॉशिंग मशीन कंपनीच्या तक्रार विभागात अठरा वर्षं काढलीत मी. आमचा नियम साधा आहे. उत्तर दिल्यावर सात दिवसांत ग्राहकाचा फोन आला नाही, तर शेवटच्या रकान्यात ‘समाधानी’ लिहायचं आणि फाइल बंद. तेव्हा आमच्यात आता वाद असा उरलेला नाही.
लेकीचा ससा, कापूस, माझ्याकडे. सासूबाईंना त्याच्या केसांनी शिंका येतात. लेक रोज संध्याकाळी सातला फोन करते. कापूस जेवला का, कापूस खेळला का. दोन मिनिटं. मग म्हणते, ठेवते बाबा.
संकल्प: कापसाला व्यायाम. नळ.

२ मार्च, रविवार
वरच्या मजल्यावरच्या पोस्टमास्तरांकडे काळा ससा आहे, पैलवान. दोन्ही ससे एकाच दुकानातले, दोन्ही नर म्हणून दिलेले. गच्चीवर सोडले. पैलवान सारखा कापसाच्या पाठीवर चढत होता. पोस्टमास्तर म्हणाले, कुस्ती चाललीय. कापूस हरला.
नळासाठी पाना सापडला नाही.

९ मार्च, रविवार
कापूस सुटलाय. हात लावला की गुरगुरतो. बोटाला चावला. पोस्टमास्तरीणबाईंनी वाकून पाहिलं आणि म्हणाल्या, अहो, हा कसला, ही आहे, आणि पोटुशी आहे. मी हसण्यावारी नेलं. आणला तेव्हा मी स्वतः उलटा करून तपासला होता. इतकी वर्षं मशीनचे दोष ओळखतोय, सशाचं काय घेऊन बसलात.

संध्याकाळी ७.३०
सहज लेकीला बोललो की पोस्टमास्तरीणबाई असं असं म्हणतात. ती किंचाळलीच. बावीस मिनिटं बोलली. मग ही फोनवर आली. दोन महिन्यांत पहिल्यांदा. म्हणाली, खरंच?
मी म्हणालो, शंभर टक्के.

१० मार्च, सोमवार
सगळं वाचून काढलं. सशाचे दिवस एकतीस. म्हणजे २ एप्रिल. लेकीनं विचारलं, किती पिल्लं? मी सहा सांगितलं. सहा हा रास्त आकडा आहे.
६ एप्रिलला रविवार आहे. लेक पिल्लं बघायला येणार. हीसुद्धा. सहा पिल्लं एकदा मांडीवर घेतली की माणूस उठेल कसा? आणि सासूबाईंच्या नाकापुढे पिल्लं नेता येणार नाहीत. म्हणजे राहणं इथेच आलं.

१५ मार्च, शनिवार
प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. मादी आहे, हे त्यांनीही मान्य केलं. पोट चाचपून म्हणाल्या, पिल्लं हाताला लागत नाहीत. नुसतं दुसरा ससा पाठीवर चढला तरी कधीकधी मादीच्या शरीराला वाटतं, दिवस गेले. पोट वाढतं, घरटंही बांधतात बिचाऱ्या. आत काही नसतं. तसं कागदावर लिहून दिलं. पैलवानालाही दाखवा म्हणाल्या.
डॉक्टरांना असं बोलावंच लागतं. आम्हीही ग्राहकाला आधी वाईटच सांगतो, म्हणजे मशीन सुरू झालं की आपलं नाव होतं.
लेकीला सांगितलं, डॉक्टर खूश आहेत.

१९ मार्च, बुधवार
सकाळी चहा हातात, आणि बघतो तर कापूस स्वतःच्या छातीवरचे केस उपटतेय! तोंडात गवत धरून कोपऱ्यात रचतेय, त्यावर केस पसरतेय. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला लिहू. पुस्तकात म्हटलंय, हे शेवटच्या एक-दोन दिवसांत होतं. आज सतरावाच दिवस. हुशार आहे, वेळेआधी तयारी.
मीही मागे राहिलो नाही. ऑफिसात कळवून घरी थांबलो. चादरी धुतल्या. लेकीच्या पलंगाचा डुगडुगता पाय बसवला. हिच्या कपाटातले माझे खोके काढले. नळाखाली मोठी बादली ठेवली, तात्पुरती.
लेक चाळीस मिनिटं बोलली. सहाही नावं ठरली. मागे ही हसल्याचं ऐकू आलं.

२४ मार्च, सोमवार
कापसाचं घरट्याकडे लक्ष नाही. त्यातलंच गवत खातेय. पोटही उतरल्यासारखं वाटतं. पिल्लं नीट बसली असणार.
पोस्टमास्तर पैलवानाला दाखवून आले. तोही मादी. पार खचलेत बिचारे. मी समजूत काढली, निसर्गात काहीही होऊ शकतं. लेकीला हे सांगितलेलं नाही. तिची परीक्षा आहे.

२ एप्रिल, बुधवार
सकाळी ६: काही नाही.
दुपारी १: अर्धी रजा घेऊन आलो. काही नाही. कापूस गाजर खातेय.
संध्याकाळी ७: लेकीनं विचारलं, झाली? मी म्हणालो, आज-उद्या.

५ एप्रिल, शनिवार
संकल्प: उद्या सगळं खरं सांगायचं. आधी चहा. मग घर दाखवायचं. मग खरं.

६ एप्रिल, रविवार
आल्या. लेक बूट न काढता थेट पिंजऱ्याशी. हातात सहा चिठ्ठ्या, सहा नावांच्या. सगळं घरटं उचकून पाहिलं. मग माझ्याकडे वळली.
“बाबा, तू सहा म्हणाला होतास.”
मी समजावून सांगू लागलो की असं फार क्वचित होतं, आधी कुणालाच कळत नाही. तोवर हिनं पिंजऱ्यावरची फाइल उघडली होती. मीच करून ठेवलेली, तारीखवार. डॉक्टरीणबाईंचा कागद सगळ्यात वर.
ही कापसाकडे बघत हळूच म्हणाली, “तिला तरी माहीत नव्हतं. तुला सांगितलं होतं.”
पाणी प्यायला आत गेली. बादली पाहिली असणार. भांडली असती तर बरं वाटलं असतं.
मग कळलं की त्यांनी शाळेजवळ घर घेतलंय. दोन खोल्या आणि गॅलरी. एक तारखेपासून राहतायत. तिथे शिंका येणारं कुणी नाही. लेक कापसाला छातीशी धरून जिना उतरली. चहाचं आधण तसंच राहिलं.
संध्याकाळी दोघींना निरोप पाठवला, ‘माझं चुकलं.’ इतकंच. नोंद घेतली वगैरे काही लिहिलं नाही.

१३ एप्रिल, रविवार
नळ दुरुस्त केला. नुसता वायसर गेला होता. दहा मिनिटांचं काम.
घरटं अजून कोपऱ्यात आहे. झाडणार होतो, पण झाडू हातात घेऊन परत ठेवला. उद्या बघू.

संध्याकाळी ७.१०
उत्तर पाठवून आज सात दिवस झाले. फोन नाही. म्हणजे ऑफिसच्या नियमानं दोघीही समाधानी. शेवटचा रकाना तेवढा भरायचा राहिलाय. पेन चालत नाहीये.