थाप कुणी ओळखली नाही

सोलापूर, रविवार, जानेवारी १९३४

दुपारी शेजारच्या नरसय्या विणकराकडे तीन पत्ती खेळलो, चिंचोके लावून. मागच्या रविवारी तो म्हणाला होता, "मास्तर, हातात काय नसलं की तुमी लई बोलता. चांगली पानं आली की गप. तवाच कळतं की!" म्हणून आज ठरवलं, पानं कशीही असोत, गप्प राहायचं आणि चालही तेवढीच लावायची. कधी राजांची जोडी, कधी नुसता कचरा, चेहरा तोच. माझ्या कचऱ्यापुढे नरसय्यानं दोनदा हार मानून पानं टाकली.

मग पानं पिसता पिसता त्यानं विचारलं, "वैनी माहेरावनं कदी येणार?"

मी तितक्याच शांतपणे म्हणालो, "पुढच्या आठवड्यात."

ती आता येणारच नाही. तसं तिच्या भावाचं पोस्टकार्ड येऊन बारा दिवस झाले.

"बरं झालं," नरसय्या म्हणाला. मान वर करून पाहिलंही नाही. किती वाटत होतं, यानं तरी ओळखावं, दाखवा पानं म्हणावं! का बोललो मी असं?

निघताना त्याची बायको म्हणाली, वैनी येतील त्या दिवशी तुमच्या दारात मी मोठी रांगोळी काढणार. मी नको म्हणालो नाही. उलट आमच्या हिला कोणता रंग आवडतो, तेही सांगितलं.