टेबलावरची वीज

६ जानेवारी

"वास आला की आधी तार ओढ, मग डोकं चालव." बाबांनी दादाला हे सांगितलं तेव्हा त्याला नुकतं मिसरूड फुटत होतं आणि मी दुकानाच्या पायरीवर अभ्यासाचं सोंग करत बसले होते. इतक्या वर्षांनी आज आठवलं, कारण टेबलाखालची जुनी बॅटरी अखेर गेली. हॉर्न, वायपरच्या मोटरी, काचा वरखाली करणाऱ्या मोटरी, टेप, धुक्यातले दिवे — गाडीतून काढून दुरुस्तीला आलेली प्रत्येक वस्तू दादा तिच्यावर लावून बघायचा. पाणी घातलं, रात्रभर चार्जिंगला ठेवली. हॉर्न लावला तर नुसता खोकला.

दादा म्हणाला, "या वेळी बॅटरी नको. सप्लाय घेऊ. भिंतीतल्या विजेवर चालणारा, व्होल्ट आणि अँपिअर दोन्ही दाखवणारा."

"महाग असतो तो. बॅटरीच आण की. बाबांपासून चालत आलंय."

"बाबांपासून बरंच काय काय चालत आलंय," म्हणाला आणि स्क्रू शोधायला लागला.

गल्ला आणि गिऱ्हाईक माझ्याकडे, टेबल त्याच्याकडे. त्यामुळे खर्चाच्या गोष्टीत शेवटचा शब्द माझा, असं तो धरून चालतो.

९ जानेवारी

शेजारी संगणक दुरुस्त करणारा बसतो, त्याला आम्ही चष्मा म्हणतो. त्याने एका मोडक्या संगणकातला सप्लायचा डबा काढून दिला. "बारा व्होल्ट मिळतात काकू. गाडीतही बाराच असतात. फुकट आहे, घ्या."

घेतला. दिवा लागला, टेप वाजला. वीज मीच शोधून काढल्यासारखी मी दिवसभर मिरवत होते.

दुपारी दादा सामान आणायला गेला असताना शाळेचा व्हॅनवाला वायपरची मोटर घेऊन आला. म्हटलं, एवढं तर मीही बघू शकते. चिमटे लावले — डबाच बंद. परत चालू केला, परत बंद. मोटर जरासुद्धा हलली नाही. सांगून टाकलं, "मोटर गेली. नवी टाका."

१० जानेवारी

व्हॅनवाला सकाळीच हजर, तीच मोटर गाडीत फिरवत. भर दुकानात म्हणाला, "ताई, ही मयत मोटर पहाटेपासून माझी काच पुसतेय. तुमच्याकडे आली की हिला चक्कर येते का?"

दोन गिऱ्हाइकं हसली. दादाही हसला, मेला.

मग मला समजावलं. उभा गाडा ढकलताना पहिला जोर लागतो, नंतर तो आपला चालतो. मोटरचं तसंच. उठताना ती चालतानाच्या कितीतरी पट वीज ओढते. डब्याला वाटतं कुठेतरी तारेला तार चिकटली, आणि तो घाबरून बंद पडतो. दोष मोटरचा नाही, डब्याच्या छातीचा. शिवाय इंजिन चालू असलं की गाडीत बारा नसतातच, चौदाच्या जवळपास असतात. बारावर तपासलेली वस्तू म्हणजे उपाशीपोटी तपासलेला माणूस.

हे कुणी चष्म्याला सांगा. मी नाही सांगणार, त्याने फुकट दिलाय.

१२ जानेवारी

माझी दुसरी अक्कल. बॅटरीचा चार्जर पडून आहे, तोच सरळ जोडू, मध्ये बॅटरी कशाला! टॅक्सीवाल्याच्या टेपला जोडला. टेप मधमाश्यांच्या पोळ्यासारखा घुमायला लागला. दादाने झेप घेऊन चिमटा उडवला.

"बबे, चार्जरच्या विजेत लाटा असतात. बॅटरी मध्ये असली तर ती त्या गिळते. ती नसली की सगळा मार टेपला."

टेप वाचला. माझी अब्रूही, थोडीशी.

१३ जानेवारी

नवी बॅटरी आणली. हट्ट माझाच. दादाने एका शब्दानेही वाद घातला नाही, हेच टोचलं.

१६ जानेवारी

उजवा हात भाजलाय, डाव्या हाताने लिहिते आहे, अक्षर वेडंवाकडं येणार.

मी गल्ल्यावर होते. करपलेल्या रबराचा वास आला. आधी रस्त्यावरून येतोय असं वाटलं, मग घशाला लागला. टेबलाकडे पाहिलं. धुक्यातल्या दिव्याची बारीक तार शिकंज्यात चेमटून सोलली होती, तारेला तार चिकटली होती आणि बॅटरीपासून तिथपर्यंत सबंध तारेवरून धूर निघत होता. दादा हातभर अंतरावर बसलेला, तिच्याकडे पाठ करून. हॉर्नचे पॉइंट पॉलिशपेपरने घासत होता. गुणगुणत होता.

मी धावत जाऊन चिमटा ओढला. अंगठा आणि दोन बोटं चरचरली. दादाने आधी माझ्याकडे पाहिलं आणि मग धुराकडे.

"लक्ष नव्हतं गं," म्हणाला. चेहरा पांढरा पडला होता.

लक्ष नव्हतं. पण नाकाला लक्ष कशाला लागतं? हाच माणूस दुकानात पाऊल ठेवता ठेवता सांगायचा, "काचेची मोटर आलीय ना? आतलं वार्निश जळालंय." न उघडता. आणि बरोबर निघायचं.

१७ जानेवारी

वहिनी मलम घेऊन आली. "वन्सं, दुकानात कामाला आहात की सर्कशीत?" फुंकर घालत हळूच विचारलं, "हे कुठे होते तेव्हा?"

"शेजारीच."

तिने मलमाचं झाकण लावलं. पुन्हा उघडलं. पुन्हा लावलं.

२० जानेवारी

दादाने सप्लायचा विक्रेता बोलावून घेतला, मला न विचारता. टाय लावलेला मुलगा, बोलायला चटपटीत. आवाज किती कमी, वजन किती हलकं, सगळं सांगून झालं. दादाचं त्यातल्या कशाकडे लक्ष नव्हतं. त्याचे दोनच प्रश्न. "किती ओढतोय तो आकडा मोठा दिसतो ना?" आणि "मी पाच अँपिअरवर बांधला तर पाचाच्या वर जात नाही ना? काहीही झालं तरी?"

"नाही जात काका. तारा एकमेकींना चिकटवून बघा."

दादाने चिकटवल्या. ठिणगी नाही, धूर नाही. आकडा पाचावर येऊन बसून राहिला. दादा त्याच्याकडे इतका वेळ बघत होता की विक्रेत्याने मला डोळ्यांनी विचारलं, आवडला का?

विक्रेता गेल्यावर मी म्हटलं, "बॅटरी याच्यापेक्षा दांडगी आहे."

"दांडगी आहेच. तिला थांबायचं कळत नाही."

२२ जानेवारी

आज जे केलं ते चांगलं नाही. थिनरमध्ये भिजवलेलं फडकं दादाच्या जेवणाच्या डब्याशेजारी, पेपराखाली ठेवलं. मला गल्ल्यावर मळमळायला लागलं. तो चवीने जेवला — की नुसताच जेवला? डबा बंद केला, पेपर उचलला, फडकं दिसलं. माझ्याकडे बघितलं.

"विचारायचं होतंस की."

त्याला वासच येत नाही, गेल्या वर्षीच्या तापात नाक गेलं. ताप उतरला, नाक परत आलं नाही. डॉक्टर म्हणाले, येईल किंवा येणार नाही. हा एकटाच जाऊन आला. म्हणून याला स्वतःहून थांबणारा सप्लाय हवा होता, आणि मी मात्र बॅटरीसाठी हट्ट धरून बसले होते.

"वहिनीला सांगितलंस?"

"नाही. ती कार्याला निघताना अत्तर लावते, तेव्हा मी छान म्हणतो. तिला सांगू नकोस, बबे. तिला वाटेल इतके दिवस खोटं बोललो."

"बोललासच."

"म्हणूनच."

शब्द दिला. संध्याकाळी विक्रेत्याला फोन केला.

२७ जानेवारी

सप्लाय आला. मोटरी उठवण्याइतका मोठाच घेतला, तीस अँपिअरचा. आकडे लाल, लांबून दिसतात. व्होल्ट चौदाच्या जरा खाली लावले. व्हॅनवाल्याकडून दुसरी मोटर मुद्दाम मागून आणली — आकडा उसळला, खाली आला, मोटर गरगर फिरली. दादा लहान मुलासारखा बटण पिळत होता.

पण एक गोष्ट त्यानेच सांगितली. मोटरसाठी मर्यादा पंचवीसवर ठेवली आणि मग विसरून त्याच्यावरच बारीक तारेचा दिवा लावला, तर तार जळेलच. सप्लायच्या लेखी सगळं मर्यादेत. कुठली तार बारीक हे त्याला काय कळणार? म्हणून प्रत्येक वस्तूला आधी तिच्या मापाचा फ्यूज लावायचा, मग चिमटे. तारेआधी फ्यूज जळला पाहिजे. मी दोनदा म्हणून दाखवलं. टेबलाजवळ माझं स्टूल ठेवलंय. दादाने ते पाहिलं, हलवलं नाही.

३० जानेवारी

दादा बँकेत गेला होता. वहिनी आली, दार अर्धं ओढून घेतलं.

"वन्सं, एक सांगते. त्यांना कळू द्यायचं नाही. माझी अत्तराची बाटली कधीच संपलीय."

मी गल्ल्याचा खण लोटला.

"दुसरी आणलीच नाही. तरी तयार होऊन बाहेर आले की हे म्हणतात, छान वास येतोय. आधी वाटलं, चेष्टा करतात. मग एकदा दूध करपून भांडं काळं झालं, हे समोर पेपर वाचत बसलेले." हसली, डोळे पुसले. "त्यांना वाटतं मला पत्ता नाही. तेवढं राहू दे त्यांचं."

तिलाही शब्द दिला. म्हणजे नाकाचं दोघांनाही माहीत, आणि तोंड शिवलेलं फक्त माझं.

पण ती त्यासाठी आली नव्हती. तिच्या लेकीचे दिवस भरत आलेत, वहिनी तिच्याकडे जाणार, दोन महिने तरी. "रात्री सिलिंडर मी बंद करते. सकाळी चहा करायला हे उठले की मी जागीच असते, पडल्या पडल्या हुंगत. गॅसला वास मुद्दाम घालतात ना, कळावं म्हणून? आता कोण हुंगणार?"

मी दोन गल्ल्या पलीकडे राहते. तिथून कुणालाच काही हुंगता येत नाही.

२ फेब्रुवारी

वहिनी परवा निघणार. माझी लेक हॉस्टेलवर, तिची खोली रिकामी आहे, गादी उन्हात टाकून आणली. दोघांना दिलेले दोन शब्द मोडायचे नाहीत. गॅसचं नाव काढलं तर म्हणेल, इतके दिवस काही झालं का; आणि इतके दिवस वहिनी हुंगत होती, हे खरं कारण सांगता येणार नाही. आणि कारणाशिवाय तो घर सोडणार नाही. सकाळचा चहा त्याला स्वतःच्या हातचा, स्वतःच्याच शेगडीवरचा लागतो. नाहीच म्हणेल. तरी उद्या दुकान उघडताना विचारते — दादा, वहिनी परत येईपर्यंत माझ्याकडे राहशील का?