डाव्या अंगठ्याचा कॅल्क्युलेटर

९ जानेवारी, शुक्रवार
डाव्या हाताने लिहिते आहे. अक्षर पहिलीतल्या पोरीचं. म्हणून थोडक्यात.
अर्धांगाच्या झटक्यानंतर धंतोलीच्या दवाखान्यातून घरी येऊन सात आठवडे झाले. चालते. बोलते, पण थकले की शब्द अडकतात. उजवा हात नुसता लटकतो.
फिजिओवाली मुलगी म्हणाली, मॅडम, चेंडू दाबून कंटाळलात ना, मग तुमचं रोजचं काम करा, डाव्या हाताने. माझं रोजचं काम! चोवीस वर्षं जमिनी मोजते. त्यातलं एका हाताने होण्यासारखं काय आहे? आकडेमोड.
कपाटातून जुना सायंटिफिक कॅल्क्युलेटर काढला. टेबलावर ठेवला तर सरकतो. हातात धरला तर दाबायला दुसरा हात नाही. दोनदा पडला. तिसऱ्यांदा मीच आपटला.
सु.ने उचलला. (सुधाकर. नवऱ्याचं पूर्ण नाव लिहायला हात कुरकुरतो.) म्हणे, "मोबाईलवर घे ना वं. ज्या हातात धरशील त्याच हाताच्या अंगठ्यानं दाबशील. काहून जीव काढून राहिली?"

१० जाने.
माझा मोबाईल फार रुंद. डावा अंगठा पलीकडच्या कडेला पोचतच नाही. सु. सदरच्या बाजारात जाऊन अरुंद घेऊन आला, मला न विचारता. रागवणार होते. पण म्हणाला, दुकानात उजवा हात खिशात घालून ठेवला अन् एकेक मोबाईल डाव्या हातानं धरून पाह्यला. "दुकानदार म्हणे, साहेब हाताले लागलं का? मी म्हटलं, हो."
काय रागवणार.

११ जाने., रविवार
दोन ॲप घेतली. नावं इंग्रजी, लांबलचक. मी रंगाने ओळखते.
निळं: बटणं मोठी. दर तिसऱ्या उत्तराला साड्यांची जाहिरात, ती नेमकी बरोबरच्या (=) खुणेवर येऊन बसते. आज तीन वेळा साड्यांच्या दुकानात जाऊन आले.
काळं: देखणं, जाहिरात नाही. पण कोन अंश-मिनिटांत भरता येत नाही. आधी दशांशात करून द्यायचा.
नेट बंद करून दोन्ही पाहिली, कारण मोजणीच्या गावांत रेंजचा भरवसा नसतो. काळं उघडेना. निळं चाललं, शिवाय साड्याही गेल्या!
तर निळं. संध्याकाळी गच्चीवर उन्हात बसून साध्या बेरजा केल्या. अंगठा दुखला. बरं वाटलं.

१३ जाने.
जुनं फील्डबुक काढलं, मोजणीची वही. भिवापूरकडची पाण्याची टाकी, माझ्याच अक्षरात. अंतर ४० मीटर, कोन २८ अंश ३० मिनिटं, यंत्राची उंची १.४८. टाकीची उंची २३.२०.
तेच निळ्यात केलं. १०.६६ आलं.
परत. १०.६६. पाणी पिऊन आले. १०.६६.
नेट लावून काळ्यात केलं, कोन दशांशात देऊन. १०.६६.
दोघं एकच सांगतात म्हणजे चूक माझी. पद्धत विसरले? की तेव्हाच चुकलं होतं, आणि इतकी वर्षं कोणी...
दवाखान्यातून निघताना डॉक्टर म्हणाले होते, भाषा येईल परत, आकड्यांचं पाहू. ते 'पाहू' आज दिवसभर कानात.
सु.ने विचारलं, कसं चाललं? म्हटलं, चाललंय.

१५ जाने.
दोन दिवस मोबाईल उघडला नाही.
ठेकेदाराचा फोन. भिवापूरकडच्या एका शाळेच्या नव्या वर्गखोल्या, जागेची मोजणी हवी. महिन्याअखेर हो किंवा नाही सांगा म्हणतो. दवाखान्याआधी मीच कबूल केलेलं काम. सु.ला म्हटलं, नाही म्हणून सांग. तो फोनवर म्हणाला, "सांगतो विचारून." कोणाला विचारून? समोर तर मीच बसले होते.
भांडले. अर्धे शब्द आलेच नाहीत, त्यामुळे भांडणही अर्धंच झालं.

१७ जाने., शनि.
हे नीट लिहायचं आहे, हात दुखला तरी.
गु.भाऊ आले. गुलाबभाऊ वीस वर्षं माझ्यासोबत आहेत. मी कोन मोजायच्या यंत्रातून पाहते, ते समोर मापपट्टी धरून उभे राहतात. उन्हात, नाल्यात, काट्यांत, कुठेही. शाळा सातवीपर्यंत. येताना घरी कुटलेलं तिखट आणलं, सु.च्या हातात दिलं आणि माझ्याकडे न पाहता खुर्चीत बसले. दवाखान्यातही असेच बसायचे.
मी सांगून टाकलं. सु.ला नाही सांगितलं ते त्यांना सांगितलं. की टाकीचा हिशेब येत नाही, दहा मीटर येते.
"दहा मीटर? काय बोलून राहिल्या म्याडम? त्या टाकीवर मी चढलो होतो ना झेंडी बांधाले. पाय लटलटले माहे. दहा मीटरवर लटलटलो नसतो."
"दोन मोबाईल तेच सांगतात, गुलाबभाऊ."
"मोबाईल चढला होता का?"
मी हसले नाही. पण नंतर ते सु.शी बोलत बसले आणि माझ्या डोक्यात ते वाक्य फिरत राहिलं. टाकी तेवीसच आहे असं धरू. आकडे वहीतले, ते बरोबर. बोटं बरोबर, चारदा तपासली. मग उरलं काय? मी दिलेला कोन मोबाईल काय म्हणून वाचतो, एवढंच.
निळं उघडलं. वरच्या कोपऱ्यात मुंगीएवढी तीन इंग्रजी अक्षरं, आर-ए-डी. रेडियन.
कोन मोजायची दोन मापं असतात. मी अंश देत होते, ते रेडियन समजून घेत होतं. काळंही तसंच. अक्षरांवर अंगठा ठेवला, अंश आले. परत केलं.
२३.२०.
रडले. मोठ्याने. गु.भाऊ घाबरले, "साहेब, या ना लवकर, म्याडमले काहीतरी झालं!" सु. धावत आला. मला शब्द येईनात, मोबाईल दाखवत राहिले. त्याला वाटलं मोबाईल बिघडला म्हणून रडते. "दुसरा घेऊ वं, रडते काय."

१८ जाने.
सु. खूश. कालपासून सगळ्यांना फोनवर सांगतो, तिचं डोकं ठीक आहे, मोबाईलच चुकला होता.
इथे खरं लिहिते. मोबाईल चुकला नव्हता. आणि पूर्वी हे मला त्याच क्षणी दिसलं असतं. हाताखाली शिकायला आलेल्या किती जणांची हीच चूक मी चालता चालता दाखवली आहे. या वेळी पाच दिवस लागले. म्हणजे काहीतरी गेलं आहे.
पण पाच दिवसांनी का होईना, दिसलं. दुसऱ्या कोणी दाखवलं नाही, मला दिसलं.
निळं, काळं दोन्ही काढून टाकलं. असं मुकाट्याने भलतंच माप धरून बसणारं नको.

२० जाने.
सु.ने तिसरं शोधलं. करडं. दिसायला अगदी गरीब. पण अंशावर ठेवलं की बंद करून उघडलं तरी अंशावरच राहतं आणि ठळक अक्षरात तसं लिहून दाखवतं. अंश-मिनिट-सेकंदाला वेगळं बटण. नेटशिवाय चालतं.
एकच खोट: बरोबरची खूण उजव्या खालच्या कोपऱ्यात. सगळ्यांचीच तिथे असते, बनवणाऱ्यांना सगळं जग उजव्या हाताचं वाटतं. अंगठा ताणून ताणून पोचवावा लागतो. सु. जेवण सोडून मोबाईलच्या सेटिंगमध्ये शिरला आणि तासाभराने सगळा पडदा आवळून डावीकडे सरकवून दिला. "आता पाह्य."
पोचला अंगठा.
बँकेत कारकुनी करणारा माणूस. त्रिकोणमितीतलं टॅन कशाशी खातात ठाऊक नाही. आता ते बटण त्याला झोपेतही सापडेल.

२२ जाने.
फील्डबुकातले एकवीस हिशेब करड्यावर पुन्हा केले. वीस जुळले. एक जुळेना. पुन्हा पुन्हा पाहिलं. वहीतलाच चुकला होता. मी. उजव्या हाताने, धडधाकट असताना.
कोणाला सांगितलं तर वेडी म्हणतील, पण त्या चुकीने फार हलकं वाटलं.

२३ जाने.
ठेकेदार आज बोलता बोलता बोलून गेला. दुसऱ्या एका सर्व्हेअरने गु.भाऊंना दोनदा बोलावलं, ते गेले नाहीत. मला कोणी सांगितलंच नाही.
गु.भाऊंना फोन केला. काहून नाही गेले?
"तुमच्या हाताच्या खुना समजते मले. त्याच्या नाही समजत."
"गुलाबभाऊ, ज्या हाताने खुणा करत होते तो हात आता हलत नाही."
म्हणाले, "डाव्यानं करजा. मी उलट्या घेईन."


२५ जाने., रवि.
गेलो. सु.ने गाडी चालवली, मागे गु.भाऊ. फक्त शाळेची जागा पाहून येऊ म्हणून, पण यंत्र डिकीत होतं. कोणी ठेवलं, दोघंही सांगेनात.
शाळेच्या मागचं मैदान, रविवार, कोणी नाही. मला एका हाताने यंत्र बसवता येत नाही. खुर्चीवर बसून सांगत गेले, गु.भाऊंनी तिपाई लावली, पातळीचा बुडबुडा मधे आणला. मग म्हटलं, पाहा आता आतून.
वीस वर्षांत ते कधी यंत्रातून पाहायला आले नव्हते. मीही कधी बोलावलं नव्हतं. हे आज लक्षात आलं. लाज वाटली.
टोपी काढली, डोळा लावला. मग, "साहेब तं अगदी नाकापाशी आले." पट्टी धरून समोर सु. उभा होता, ताठ, फोटो काढल्यासारखा.
चार कोपरे, चार कोन. गु.भाऊ वाचत गेले, "बावन... थांबा, त्रेपन." मी अंगठ्याने करड्यात भरत गेले. चारही मिळून तीनशे साठ अंश यायला हवेत. चाळीस सेकंद, म्हणजे अंशाचा नव्वदावा भाग, जास्त आले.
"म्हनजे चुकलं?"
"नाही. छान आलं. माझंही कधी कधी याहून वाईट येतं."
त्यांनी टोपी घातली, परत काढली.
दुपारी एकाएकी थकले. शब्द गेले. पाणी मागायचं होतं, तोंडून 'पट्टी' आलं. सु.ला कळलं, पाणी दिलं. गाडीत झोपले. म्हणजे असंही होणार आहे. रोज होईल का, ठाऊक नाही.
तरी आजचा दिवस मिळाला. कोणाचे आभार मानायचे ते कळत नाही म्हणून इथे लिहून ठेवते.

२८ जाने.
फिजिओ. उजव्या हाताबद्दल ती काही म्हणाली नाही, मीही विचारलं नाही. डॉक्टर पुढच्या आठवड्यात तपासणार. ठेकेदाराला परवापर्यंत सांगायचं. सु. म्हणतो, तू म्हणशील तसं. हो म्हटलं आणि मैदानात पुन्हा शब्द गेले तर? नाही म्हटलं तर?
गु.भाऊ आले. चहा झाला, तरी उठेनात. मग खाली पाहत, "म्याडम, हे टॅन म्हनजे काय असते? वीस वर्ष आयकून राहिलो."
गच्चीवर नेलं. भिंतीला शिडी लावलेली होती, तीच दाखवली. पाय भिंतीपासून किती दूर, टोक किती उंच. शब्द दोनदा अडले. ते वाट पाहत राहिले. मी शिडीचा पाय पुढे-मागे सरकवायला लावला, तसे ते शिडीभोवती फिरून पाहू लागले.
"म्हनजे पुढं जितकं चाललो, त्याच्या किती पट वर चढलो, तेच ना?"
तेच. इतकं स्वच्छ मीही कधी कोणाला सांगितलेलं नाही.
खालून सु.ची हाक, ठेकेदाराचा फोन आहे, काय सांगू? गु.भाऊंनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे.
"पाच मिनिटांनी करते म्हणावं," मी ओरडले, "टॅन झालं, आता साइन काढतोय."
पाच मिनिटांचा पाऊण तास झाला. फोन अजून केलेला नाही.