शिक्क्याचं माझ्यावर सोड

शनिवार, ९ ऑगस्ट. सकाळ

आजपासून रोजनिशी नियमित लिहायची. मागची नोंद एप्रिलमधली आहे, पण ती धरायची नाही.

कालची घरची बैठक झकास झाली. अध्यक्ष अर्थात मी. आईचं दफन सोळा तारखेऐवजी तीसला ठरलं, कारण सोळाला चांगला बँड मोकळा नाही. आईने जन्मभर हलकंसलकं काही चालवून घेतलं नाही, मग तिला शेवटच्या दिवशी शाळेतल्या पोरांच्या बँडवर बोळवायचं का? सगळे गप्प बसले. म्हणजे पटलं. फक्त बायकोने विचारलं की आईंना शवागारात अजून दोन आठवडे गारठत ठेवणार का. बायकोचं नाव पेशन्स. आईबापांनी काय बघून ठेवलं कुणास ठाऊक.

माझं नाव विज्डम. ते मात्र बघून ठेवलंय.

बैठक उठल्यावर एलिनाम हळूच जवळ आली. माझ्या बहिणीची, डेलाची, मुलगी. वय सोळा. जन्म इंग्लंडातला, पासपोर्ट तिथलाच, राहते लीड्सला. जूनमध्ये आजीकडे सुट्टीला म्हणून इथे घानात, केटाला आली आणि जुलैत आजीच गेली. म्हणाली, मामा, माझ्या पासपोर्टवरच्या शिक्क्याची मुदत एकोणीसला संपतेय. मुदत टळली तर दंड, आणि पुढच्या वेळी व्हिसा देतील की नाही देव जाणे. म्हणजे एकोणीसच्या आत तिला परत जावं लागणार, आणि दफन तीसला.

हे बैठकीत सांगायला हवं होतं. पण पोर मोठ्यांमध्ये बोलत नाही. संस्कार आहेत.

मी म्हटलं, "शिक्क्याचं माझ्यावर सोड."

काम हातचा मळ आहे. आफ्लाओला जायचं, सीमा ओलांडून टोगोत पाय ठेवायचा, परत यायचं. आत येताना नवा शिक्का, नवी मुदत. तिच्या व्हिसावर कितीदाही ये-जा चालते. आणि मी आफ्लाओत वाढलेला माणूस. वर हायस्कुलात तीस वर्षं भूगोल शिकवला. गेटवरचा निम्मा स्टाफ माझ्या हाताखालून गेला असणार.

रविवार, १० ऑगस्ट

चर्चमध्ये चारजणांना सांगितलं की भाचीचं सीमेचं काम मीच बघतोय. चौघांनाही कौतुक वाटलं. उद्या स्टँडवरून माणसं भरून सुटणाऱ्या पहिल्या ट्रोट्रोने निघायचं. फायनल.

सोमवार, ११ ऑगस्ट. संध्याकाळ

निघालो नाही. माझा पांढरा शर्ट शिंप्याकडे. चुरगळलेल्या शर्टात गेटवर उभं राहिलं तर जुने विद्यार्थी काय म्हणतील? एलिनामला समजावलं. ती बरं म्हणाली. लीड्समध्ये वाढली तरी पोर समजूतदार आहे. आमच्या आईवर गेलीय.

बुधवार, १३ ऑगस्ट

मंडपवाल्याकडे गेलो. खुर्च्या आणि मंडप ठरवला. अनामत म्हणून तो ओळखपत्र मागायला लागला. दिलं माझं घाना कार्ड. मला कार्ड कशाला लागतंय? या भागात माझं तोंड हेच कार्ड.

घरी आलो तर एलिनाम विचारतेय, मामा, माझ्या पासपोर्टला टोगोचाही व्हिसा लागतो ना? मला हसू आवरेना. टोगो म्हणजे आमचं परसदार. लोमेत माझी सख्खी मावशी राहायची. शाळा सुटली की चड्डीवर तिच्याकडे जायचो आणि जेवून परत यायचो. परसदारी जायला कुणी व्हिसा काढतं का? तिला म्हटलं, डोकं शिणवू नकोस. ती फोन घेऊन कोपऱ्यात जाऊन बसली. ही पिढी सारखी त्या फोनमध्ये.

शुक्रवार, १५ ऑगस्ट

आज जाणार होतो, पण आधी तयारी महत्त्वाची. पलीकडचे अधिकारी फ्रेंच बोलणारे. आरशासमोर फ्रेंचचा सराव केला. माझा उच्चार मुळातच चांगला. पेशन्स म्हणाली की लोमेतले लोक घरी आपल्यासारखीच एवे बोलतात. मी म्हटलं, अगं, पण ते अधिकारी आहेत. तर म्हणे, अहो, अधिकाऱ्यांनाही आया असतात.

मी पुन्हा आरशाकडे वळलो. बोलण्यात वेळ वाया जातो.

रविवार, १७ ऑगस्ट

एलिनाम जेवली नाही. आईच्या खोलीत जाऊन आईच्या स्टुलावर बसली होती. मांडीवर डेलाने पाठवलेलं निळं कापड. लेकीचं कापड शवपेटीत लेकीच्याच रक्ताच्या माणसाने घालायचं, ही आपली रीत. डेलाला येता येत नाही. तिचे तिकडचे कागद अजून कच्चे आहेत. एकदा बाहेर पडली तर परत आत घेतील याचा भरवसा नाही. म्हणून डेलाच्या वतीने ही पोर. ही पण गेली तर ते कापड घालणार कोण?

फोनवर मायलेकी रडत होत्या. मी बाहेर ओट्यावर बसून राहिलो. आत जावंसं वाटलं, पण काय बोलणार? बँडमुळे झालं हे सगळं. बँडवाल्यांनी सोळा तारीख आधीच दुसऱ्यांना द्यायला नको होती.

उद्या म्हणजे उद्या. शर्टही आलाय.

सोमवार, १८ ऑगस्ट. दुपार. आफ्लाओ

पहिली ट्रोट्रो सोडली, पुढची सीट मिळत नव्हती. दुसरी भरायला वेळ लागला. पण आलो एकदाचे.

गेटवर ही भली मोठी रांग. ऊन मी म्हणतंय. स्टाफमध्ये विद्यार्थी शोधले, एकही दिसला नाही. बदल्या झाल्या असणार. तेवढ्यात आई आठवली. आई सुकट विकायला लोमेला जायची ती कधीच गेटमधून गेली नाही. म्हणायची, रेघ साहेबांनी मारली, वाट आपली आहे. टपरीमागून जायचं, एका बाईच्या अंगणातून, की झालं. इथे या वाटांना बीट म्हणतात. काही लोक चोरवाट म्हणतात, त्यांची जीभ झडो. डोक्यावर पाट्या घेतलेल्या बाया खुशाल जात-येत होत्या. अंगणवाली गुलगुले तळत होती, तिने मान वर करूनसुद्धा पाहिलं नाही.

एलिनाम मध्येच थांबली. "मामा, इथे शिक्का कोण मारणार?"

मी म्हटलं, आधी पलीकडे तर जाऊ. पोरांना दम कसा तो नाही.

बघता बघता टोगोत. रांगेतले लोक अजून रांगेतच असतील. याला म्हणतात भूगोल.

त्याच दिवशी. संध्याकाळ

लोमेत मावशीची मुलगी अकुवी हिच्याकडे गेलो. ती आईला आठवून पोटभर रडली, मग पोटभर जेवायला वाढलं. एलिनाम सारखं घड्याळ बघत होती. मग पाव घेतले (लोमेचा पाव तो पाव) आणि परतीला मुद्दाम मोठ्या गेटने निघालो. शिक्का तिथेच मिळतो, हे मला आधीपासून ठाऊक होतं.

टोगोच्या खिडकीवरच्या तरुणाने पासपोर्ट पुढून पाहिला, मागून पाहिला. मी फ्रेंच सुरू केलं. तो एवेत म्हणाला, "काका, ही मुलगी टोगोत आलेलीच नाही. मग तिला बाहेर कशी सोडू?"

मी म्हटलं, ही काय तुमच्यासमोर उभी आहे. तो म्हणाला, तेच तर. मी त्याला दोन्ही देशांची रचना थोडक्यात समजावून दिली. तो ऐकता ऐकता उठला आणि साहेबांना बोलवायला आत गेला. तेवढ्यात एलिनामने माझी बाही धरली आणि मला गर्दीतून खेचत अंगणवालीच्या वाटेने पुन्हा घानात आणलं. पोरीच्या हातात जोर आहे. एक पाव वाटेत पडला.

ट्रोट्रोत मी म्हटलं, आज पाहणी झाली, प्रत्यक्ष काम उद्या. उद्या एकोणीस, म्हणजे मुदतीतच. पाहणीशिवाय काम करू नये.

घरी पेशन्सने विचारलं, शिक्का? मी म्हटलं, पाव आणलाय.

मंगळवार, १९ ऑगस्ट. सकाळ. गेट

पहाटेची ट्रोट्रो. मागची सीट, तक्रार केली नाही. रांगेत नीट उभे राहिलो. नंबर आला. एलिनामचा पासपोर्ट पाहिला, ठीक. मग मला म्हणाले, कार्ड?

कार्ड मंडपवाल्याकडे.

मी माझं तोंड दाखवलं. उपयोग झाला नाही.

एलिनामने डोळे मिटले, उघडले. मग पाठपिशवीतून एक प्लास्टिकची पिशवी काढली. त्यात टोगोचा व्हिसा (बुधवारीच फोनवर अर्ज केला होता म्हणे), डेलाची परवानगीची चिठ्ठी, लस घेतल्याचं पिवळं कार्ड. सगळं जागच्या जागी. अधिकारी बाई तिच्याशी गोड बोलल्या.

"मामा, तुम्ही इथे सावलीत बसा," ती म्हणाली. "कुठे जाऊ नका."

गेली. पाठमोरी अगदी आईसारखी चालते.

दुपार

अजून आली नाही.

एवढ्या वेळात माणूस दोनदा जाऊन येतो. सोळा वर्षांची पोर, परका देश. म्हणजे परसदार, पण तिच्यासाठी परकाच की. कालच्या त्या तरुणाने ओळखलं तर? अडकवून ठेवलं तर? डेलाला काय तोंड दाखवू? मला भीती वाटतेय. लिहूनच टाकतो, कोण वाचतंय. खूप भीती वाटतेय. बँड गेला खड्ड्यात. सोळालाच केलं असतं तर आई आता घरच्या मातीत असती आणि ही पोर आईच्या कुशीत, लीड्सला.

निर्णय. तिला सोडवायला मी जाणार. अर्थात आईच्या वाटेने.

दुपार, त्यानंतर

अंगणवालीच्या गुलगुल्यांपर्यंतच पोचलो. गणवेशातल्या एकाने मागून हाक मारली. मी फ्रेंचमध्ये नमस्कार केला. तो म्हणाला, "फियाग्बे सर?"

विद्यार्थी. शेवटी भेटला एकदाचा. कुवोर्नू आडनाव. मला आठवेना. त्याला मात्र सगळं आठवत होतं. नववीत नकाशा काढताना घाना-टोगोची सीमा त्याने थोडी डावीकडे काढली, म्हणून मी त्याला बाकावर उभं केलं होतं. तासभर.

"सर, तुम्ही म्हणाला होतात, सीमा म्हणजे गंमत नाही."

मी म्हटलं, बरोबरच आहे.

"मग चला," तो म्हणाला, आणि मला गेटवर आणून बाकावर बसवलं. उभं केलं नाही, वयाचा मान ठेवला. कार्ड मागितलं. कार्डाची गोष्ट सांगितली. त्याने विचारलं, तुम्हाला ओळखणारं इथे कुणी आहे का? मी चौफेर पाहिलं. माझ्या गावात, माझ्या सीमेवर, कुणी नाही. मामाचाच मामा झाला.

संध्याकाळ. घरी

एलिनाम आली तेव्हा मी बाकावरच होतो. तिच्या एका हातात पासपोर्ट, दुसऱ्या हातात पाव. उशीर का, तर अकुवीने जेवल्याशिवाय सोडलं नाही. नवा शिक्का ओला असल्यासारखा चमकत होता. मुदत पार ऑक्टोबरपर्यंत. मला रडू येत होतं, पण कुवोर्नू बघत होता.

त्याने तिला विचारलं, हे तुझे कोण?

"माझे मामा," ती आईच्या जुन्या वळणाच्या एवेत म्हणाली. "माझ्याबरोबर आहेत."

"मग घेऊन जा त्यांना. हात सोडू नकोस."

आणि तिने खरंच ट्रोट्रोपर्यंत सोडला नाही.

घरी सगळे वाट बघत होते. मी सांगितलं, काम फत्ते, मी घेऊन गेलो होतो. सगळ्यांनी एलिनामकडे पाहिलं. ती म्हणाली, "हो, मामा होते ना." पेशन्सने मला न मागता दुसऱ्यांदा वाढलं. हे काही बरं लक्षण नाही.

शनिवार, ३० ऑगस्ट

दफन झालं.

चांगल्या बँडने ऐनवेळी मोठी सुपारी घेतली. शाळेच्या पोरांनी वाजवलं. एक पोरगं ढोल वाजवता वाजवता रडत होतं, कारण आई त्याला सुकट फुकट द्यायची. चांगल्या बँडला हे जमलं नसतं.

लोमेहून अकुवी आणि तिची सगळी मंडळी आमच्या आधी हजर, काळ्या-तांबड्या कपड्यांत, डोक्यावर भाताचं पातेलं. विचारलं, गेटवर रांग होती का? अकुवी म्हणाली, कुठलं गेट?

एलिनामने पेटीत निळं कापड घातलं. चारी कोपरे नीट दुमडले. फोन वर धरला होता, त्यात लीड्सहून डेला बघत होती. "मामा, धरा जरा," म्हणून एलिनामने तो माझ्या हातात दिला आणि आजीच्या कपाळाला हात लावला. मी फोन घट्ट धरला. एवढं काम मी नीट केलं.

सगळं उरकल्यावर डेला फोनवरच होती. हुंदके आवरत म्हणाली, दादा, आईच्या मातीवर मला एकदा तरी यायचंय रे. माझे कागद कधी होणार, मला कोण आणणार? मी म्हटलं, डेले, अजिबात काळजी करू नकोस, शिक्क्याचं...

एलिनामने माझ्या हातातून फोन हळूच काढून घेतला.

"आई, शिक्क्याचं माझ्यावर सोड."

मी खुर्च्या मोजायला गेलो. एक कमी आहे. ती सापडेपर्यंत कार्ड देणार नाही, असं मंडपवाला म्हणतोय.